बांधकामाचं बिल कोणाच्या अंगावर? – अनुभव धागा

बेसा_पिपळा

नागपुरात रिंग रोडच्या बाहेर, बेसा, पिपळा, मानेवाडा, बेलतरोडीकडे जी घरं उठताहेत, त्यांतल्या बऱ्याच घरांचे मालक गावात नसतात. कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, कोणी दुबईत. साइटवर उभा असतो तो साळा, काका, निवृत्त वडील, नाहीतर आर्किटेक्टच्या ऑफिसातला पोरगा. मिस्त्रीला तोच बोलावतो, भाव तोच ठरवतो, "लिंटल जरा वर घ्या" हेही तोच सांगतो. शेवटचं बिल आलं की मालक म्हणतो मी कुठे सांगितलं, साइटवरचा म्हणतो घर कुठे माझं.

मी सध्या भाच्याच्या घराचा असाच साइटवरचा मामा आहे, म्हणून ही विचारणा. दुसऱ्याच्या वतीने काम सांगितलंत, किंवा अशा माणसाच्या शब्दावर काम केलंत, आणि पैसे अडकले, तर पुढे काय झालं? ठेकेदार, दुकानदार, मालक, सगळ्यांनी लिहा. बिल्डरची, फर्मची नावं नकोत.

सेंट्रिंगवाला

मी हुडकेश्वर साइडले सेंट्रिंग अन् स्लॅबचं काम करतो. एक घर घेतलं होतं लेबर रेटनं, माल मालकाचा. बोलणी ज्यानं केली तोच रोज साइटवर ये, तोच शनिवारी मजुरीपुरते पैसे फोनपे करे. मले वाटे मालक हाच. वरचा स्लॅब पडला, प्लेटा निघाल्या, फायनल हिशोब मांडला तं म्हणे, "भाऊ, घर माह्यं नाही, जावयाचं हाय. तो हैदराबादले राह्यते, त्याले माग." जावयाले फोन केला तं तो म्हणे, "मी तं मामाजीले, म्हणजे सासऱ्याले, पूर्ण पैसे देऊन टाकले." दोघंही बिनघोर. मजूर माह्या दारात.

वकीलसाहेबानं एकच विचारलं, काम सांगताना त्यानं जावयाचं नाव घेतलं होतं का? म्या म्हटलं कधीच नाही. ते म्हणे, मंग तो सुटत नाही. आपण कोणासाठी करून राह्यलो ते नाव ज्यानं सांगतलं नाही, तो स्वतःच बांधला गेला असं कायदा धरून चालते. अन् जावईही सुटत नाही, घर त्याच्यासाठीच बांधलं. दोघायलेही नोटीस. फोनपेचे स्क्रीनशॉट अन् सासऱ्याच्या हातची मोजमापाची चिठ्ठी सोबत लावली. कोर्टाची पायरी चढा लागली नाही, पण जराशी रक्कम सोडा लागली. आता काम घ्यायच्या पहिले आखीव पत्रिकेची, म्हणजे प्लॉट कोणाच्या नावावर हाय त्या सरकारी कागदाची, झेरॉक्स मागतो. लोक हासतात. हासू द्या.

इतवारी_लोखंड

सेंट्रिंगवाल्या भाऊंना दोन खिसे मिळाले, आम्हाला एकही नाही. आमचं सळई-सिमेंटचं दुकान. एका ठेकेदारानं "विथ मटेरियल", म्हणजे माल आणि मजुरी दोन्ही त्याची, घर घेतलं होतं. उधारीवर माल उचलला, डिलिव्हरी चलनावर साइट म्हणून घरमालकाचं नाव आणि पत्ता. गाडी उतरवून घेताना सही मालकीणबाईंची. ठेकेदार अर्धवट काम टाकून निघून गेला. आम्ही मालकाकडे गेलो, आमचं लोखंड तुमच्या कॉलममध्ये आहे म्हणालो. त्यांनी शांतपणे ठेकेदाराला दिलेल्या हप्त्यांचे बँकेचे कागद पुढे ठेवले.

वकिलांचं म्हणणं मालकाच्याच बाजूचं निघालं. विथ मटेरियल घेणारा ठेकेदार हा मालकाचा प्रतिनिधी नसतो, तो स्वतःच्या धंद्यासाठी माल घेतो. जीएसटीचं बिल त्याच्या नावाचं, भाव त्याच्याशी ठरलेला. साइटचा पत्ता म्हणजे फक्त गाडी कुठे उतरवायची ते. बाईंची सही माल पोचल्याची, खरेदीची नाही. लेबर रेटचं काम असतं आणि मालकानं "माझ्या नावावर माल पाठवा" म्हणून याच माणसाला पाठवलं असतं, तर गोष्ट वेगळी. एकच माणूस एका साइटवर मालकाचा हात असतो आणि शेजारच्या साइटवर स्वतंत्र व्यापारी. चलनावरून ते कळत नाही.

आता आम्ही मोठ्या उधारीला मालकाकडून चिठ्ठी घेतो, ठेकेदारानं न दिल्यास मी देईन अशी. ही हमी झाली, करार कायद्याचं कलम १२६. कलम १२८ प्रमाणे हमीदार मूळ देणेकऱ्याइतकाच जबाबदार असतो, त्यामुळे आधी ठेकेदाराला शोधत बसावं लागत नाही. तोंडी हमीही कायद्याला चालते म्हणतात. सिद्ध करेपर्यंत सळईला गंज चढेल.

धरमपेठची_आर्किटेक्ट

साइटवर आर्किटेक्टला सगळे "साहेब" म्हणतात आणि बिल अडलं की तोच साहेब मालक होतो. माझ्या वर्क ऑर्डरवर मालकाचं पूर्ण नाव असतं आणि मी त्यांची आर्किटेक्ट म्हणून पाहते हे लिहिलेलं असतं. एकदा त्याचा कस लागला.

मानेवाड्याकडची काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसात लापशी. पार्किंगसाठी खोदकाम झालं होतं, जुलैत मुसळधार पाऊस लागला आणि शेजाऱ्याच्या कंपाउंड भिंतीखालची माती सरकू लागली. मालक परदेशी प्रवासात, फोन बंद. मी ठेकेदाराला रातोरात बल्ल्या-फळ्यांचा आधार, मुरूम आणि पंप लावायला सांगितलं. भिंत वाचली. मालक परतले आणि म्हणाले, हे मी मंजूर केलेलं नाही. ठेकेदार बिल घेऊन माझ्याकडे: मॅडम, तुम्ही सांगितलं, तुम्ही द्या.

करार कायद्याचं कलम १८९ नेमकं यासाठी आहे. आणीबाणीत मालकाचं नुकसान टाळायला, शहाणा माणूस स्वतःच्या बाबतीत जे करेल ते करण्याचा अधिकार प्रतिनिधीला असतो. मी दोघांनाही एकच ईमेल पाठवला. त्या रात्रीचे फोटो, मालकाला केलेल्या कॉलची नोंद, आणि भिंत पडली असती तर शेजाऱ्याला काय द्यावं लागलं असतं त्याचा अंदाज. मालकांनी कुरकुरत बिल दिलं.

त्याच ठेकेदारानं त्याच बिलात नक्षीदार गेटही घुसवलं होतं. सुपरवायझरनं तोंडी सांगितलं म्हणे. गेटला कसली आणीबाणी? ते मी काटलं. सुपरवायझरला मजूर मोजायचा, माल तपासायचा अधिकार होता, डिझाइन बदलायचा नव्हता. गेट मात्र लागलेलं आहे आणि मालक ते वापरतात. याचं काय, हे मला अजून टोचतं.

सिव्हिल_लाइन्सचा_वकील

मॅडम, गेटसाठी कलम ७० पाहा. फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे काम केलं आणि समोरच्यानं त्याचा लाभ घेतला, तर मोबदला देणं लागतो. त्यासाठी करार किंवा अधिकार सिद्ध करावा लागत नाही. पण मालकाला गेट नाकारायची संधी होती आणि तरी त्यानं ते ठेवून घेतलं, हे दिसलं पाहिजे. शिवाय "अधिकार आहे" असं सांगून सुपरवायझरनं काम करून घेतलं असेल आणि मालकानं हात झटकले, तर कलम २३५ प्रमाणे नुकसानभरपाई सुपरवायझरकडून मागता येते. पंधरा-वीस हजारांवर साइट सांभाळणाऱ्या पोराला हे कोणी सांगत नाही.

सेंट्रिंगवाल्यांच्या प्रकरणात त्यांचे वकील बोलले ते भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३०. मूळ नियम उलटा आहे: मालकाच्या, म्हणजे ज्याच्यासाठी काम आहे त्याच्या, वतीने करार करणारा प्रतिनिधी स्वतः बांधला जात नाही. अपवाद तीन. परदेशातल्या व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री, मालकाचं नाव उघड न करणं, आणि नाव उघड असूनही ज्याच्यावर दावा लावता येत नाही असा मालक. दुबईतल्या मुलाचं घर बांधणारे वडील पहिल्या अपवादात बसत नाहीत, तो मालाच्या व्यापारापुरता आहे. या तिन्ही ठिकाणी कायदा फक्त गृहीत धरतो. पुराव्यानं ते खोडता येतं. आणि प्रतिनिधी स्वतः जबाबदार ठरतो तिथे कलम २३३ प्रमाणे तो, मालक, किंवा दोघांवर जाता येतं.

नंदनवन_लेआउट

तिसरा अपवाद आमच्या गल्लीनं भोगला. लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर मंदिराला लागून सभामंडप बांधायचं ठरलं. मंडळ जुनं, उत्सव दरवर्षी जोरात, पण नोंदणी कुठेच नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नाही, सोसायटी म्हणूनही नाही. ठेकेदाराच्या कोटेशनवर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तीन सह्या, खाली मंडळाचा रबरी शिक्का. वर्गणी अर्ध्यावर आटली. पत्रे चढले, फरशी राहिली, ठेकेदाराचे पैसेही राहिले.

दावा आला तो मंडळावर नाही, तिघांवर, घरच्या पत्त्यावर. आम्ही पदाधिकारी म्हणून सही केली, हे तिघांचं उत्तर. त्यावर समोरून प्रश्न: कोणाचे पदाधिकारी? ज्याला कायद्यात अस्तित्व नाही, त्याला त्याच्या नावानं कोर्टात उभं करता येत नाही. कोषाध्यक्ष शिक्षक होते, त्यांनी पीएफमधून पैसे काढायची तयारी केली तेव्हा गल्ली जागी झाली. घरोघर फिरून रक्कम जमली, कोर्टाबाहेर तडजोड झाली. ज्यांनी दारातून परत पाठवलं, त्यांच्या घरची लग्नं पुढे त्याच मंडपात लागली. असो.

प्लंबिंग_हिंगणा_रोड

माझ्याकडे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. म्हणजे मालकाची, माझी नाही! पाच मजल्यांचं प्लंबिंग केलं, संचालक रोज चहा पाजायचे, "मी बसलोय ना" म्हणायचे. कंपनीच्या खात्यात काही उरलं नाही. संचालकांच्या बंगल्यावर दावा लावावा म्हटलं तर वकील म्हणाले, कंपनी वेगळी, माणूस वेगळा, "मी बसलोय" ही हमी नाही. भागीदारी फर्म असती तर १९३२ च्या कायद्याच्या कलम २५ नं प्रत्येक भागीदार स्वतः अडकला असता.

माझ्या हातात एक न वटलेला चेक होता, तोच कामी आला. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत तक्रार. कंपनी आणि सही करणारा संचालक, दोघांनाही आरोपी केलं. कंपनीला वगळून एकट्या संचालकावर चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलंय. फौजदारीची तारीख लागली तशी घरातून रक्कम निघाली.

त्रिमूर्ती_नगर

अपार्टमेंटचा सचिव होतो, म्हणून थोडक्यात. नागपुरात बऱ्याच इमारती सोसायटी नाहीत, १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं, दोन फ्लॅटवाल्यांनी वाटा दिला नाही, ठेकेदाराची नोटीस माझ्या नावानं. काम सुरू होण्याआधी त्यानंच मेसेज केला होता, "पैसे असोसिएशनकडूनच घेणार, तुमचा वैयक्तिक संबंध नाही." उत्तरात तेवढा मेसेज आणि करार कायद्याचं कलम २३४. एकालाच जबाबदार धरू असं भासवून काम पुढे नेलं, की मागाहून दुसऱ्यावर येता येत नाही. नोटीस तिथेच थांबली. ठराव होता म्हणून माझा वकिलाचा खर्चही असोसिएशननं भरला, कलम २२२.

प्रतापनगरची_लेक

बाबा अमरावतीला, प्लॉट इथे, मुखत्यारपत्र माझ्याकडे. प्लास्टर चालू असताना बाबा गेले. तेरवीपर्यंत साइटचा विचारही मनात नव्हता, पण मिस्त्रीनं काम चालूच ठेवलं होतं. त्याला कोणी कळवलंच नव्हतं. भाऊ म्हणाला, मुखत्यारपत्र बाबांबरोबर संपलं, त्या तारखेनंतरचे पैसे ताईनं द्यावेत.

मुखत्यारपत्र संपलं हे खरंच होतं. पण बाहेरच्या माणसापुरतं ते त्याला कळेल तेव्हा संपतं, करार कायद्याचं कलम २०८. शिवाय २०९ म्हणतं की मालक वारला तरी प्रतिनिधीनं वारसांच्या हितासाठी मालमत्ता सांभाळायची असते. उघडी भिंत पावसात सोडायची होती का? बाबांच्या खात्यातून आलेल्या रकमेतून मिस्त्रीचं दिलं, उरलं ते वाटलं. भावाशी बोलणं आहे, घराबद्दल नाही.

इतवारी_लोखंड

वकीलसाहेब, एक विचारतो. त्या पळालेल्या ठेकेदाराचा मुनीम अजून व्हॉट्सअॅपवर "बाकी आहे, देतो" लिहितो. तीन वर्षं होत आली. या मेसेजनं दावा लावायची मुदत वाढते का?

सिव्हिल_लाइन्सचा_वकील

मुदत कायदा १९६३, कलम १८. देणं कबूल केलेलं लेखी हवं, सहीचं हवं, आणि मुदत संपायच्या आत हवं. सही देणेकऱ्याची किंवा त्यानं रीतसर अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची चालते. मुनिमाला तो अधिकार होता हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि तो म्हणेल मी फक्त वही लिहितो. मेसेजला सही मानायची का, हा वाद वेगळाच. थोडी रक्कम खात्यात आली असेल तर कलम १९ बघता येईल, पण तीही अधिकृत माणसाकडून हवी आणि देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीत तिची नोंद हवी. मुनिमाच्या भरवशावर थांबू नका. रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल आणि प्रकरण व्यापारी वादात बसत असेल, तर मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसल्यास दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज द्यावा लागतो. तो वेळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज मुदत संपण्याआधी पडला पाहिजे. चलनं आणि खातेउतारा घेऊन उद्याच कोणाकडे तरी जा.