गल्लीत रात्रभर लागणाऱ्या बसचं काय करावं?

गल्लीकर
मंडळी, सल्ला हवाय. राहायला पुण्यात, कर्वेनगरला. आमचा रस्ता ६ मीटरचा. दिवाळीपासून रात्री नऊनंतर तिथं तीन बस लागतात. दोन कंपनीच्या, एक शाळेची पिवळी. पहाटे पाचला पहिली सुरू होते ती ब्रेकची हवा भरेपर्यंत दहा मिनिटं गुरगुरत बसते, आणि तेवढा वेळ तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीची काच थरथरते. परवा शेजारच्या काकांना न्यायला आलेली ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच अडली, स्ट्रेचर तिथपर्यंत उचलून न्यावं लागलं. ड्रायव्हर म्हणतो, "मालकाकडं जागा नाही साहेब, मी इथंच मागं राहतो." तक्रार करायची कुठं? टायरची हवा सोडा, हा सल्ला मिळालेला आहे.

तीनफाटा
हवा सोडलीत तर बस दोन दिवस तिथंच राहील!

कागदी_घोडा
आधी एक बघा, रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे की लेआउटचा खासगी? पथ विभागात कळेल. खासगी असेल तर सोसायट्यांनी मिळून गेटवर उंचीची कमान लावावी, पण फायर ब्रिगेडचा बंब आत येईल ना, हे त्यांनाच विचारून.

पालिकेचा असेल तर वाहतूक शाखेच्या उपायुक्तांना अर्ज. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५, ११६, ११७. आदेश आधी प्रायोगिक तत्त्वावर निघतो, हरकती-सूचना मागवतात, मग कायम होतो. अर्जात सरसकट 'नो पार्किंग' मागू नका, नाहीतर उद्या तुमच्याच गाड्या उचलतील (आमच्याकडं झालंय, अर्ज करणाऱ्याचीच स्कूटर पहिली गेली). 'रात्री ९ ते सकाळी ७ बस व अवजड वाहनांस मनाई' एवढंच मागा. सोबत टेपनं मोजून नकाशा जोडा. बसची रुंदी २.६ मीटरपर्यंत असते, समोर एक कार लावली की उरतं दीड-पावणेदोन मीटर. पानभर गाऱ्हाण्यापेक्षा हा आकडा लवकर पटतो.

बोर्ड लागेपर्यंत कलम १२७ आहे. सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस किंवा जवळ कुणी नसताना सोडलेलं वाहन पोलीस हलवू शकतात किंवा जॅमर लावू शकतात. पण तुमच्या बस नऊला येऊन पाचला जातात, म्हणजे आठच तास. रविवारी दिवसभर उभ्या असतील तर तेव्हाचे वेळेसकट फोटो काढा.

स्टेपनी
वडील बस चालवायचे म्हणून सांगते. ड्रायव्हरशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. दंड पहिल्यांदा ५००, पुढं १५००. यार्डाचं भाडं त्याहून जास्त असेल तर मालक दंड भरून मोकळा होतो. तो घाबरतो ते कॉन्ट्रॅक्ट जाण्याला. बसवर शाळेचं नाव असेलच. राज्याच्या २०११च्या स्कूल बस नियमांप्रमाणं शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष. त्यांना लेखी द्या आणि रात्री शाळेच्या आवारात बस लावता येईल का ते विचारा. कंपनीच्या बसच्या काचेवर रूटचा कागद असतो, त्यावरून कंपनीच्या ॲडमिनला गाठा.

गल्लीकर
स्टेपनीताई, शाळेचं डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी जातो. टेप आत्ताच काढली. रस्ता कागदावर ६ मीटर, प्रत्यक्षात ५.४ भरला. उरलेलं आमच्याच सोसायटीच्या कुंड्यांखाली आहे.

कागदी_घोडा
कुंड्या अर्जाआधी उचला.