500 च्या स्टॅम्पवर नोटरी केलेली फारकत चालते का?

गोधनी_रोड

लग्न 2019 चं, नागपुरातच, बौद्ध पद्धतीनं. नोंदणी केलेली नाही. नवरा-बायको 14 महिन्यांपासून वेगळे राहतात, तो पुण्यात नोकरीला, ती 4 वर्षांच्या मुलीला घेऊन इथे. मनीषनगरचा फ्लॅट आणि त्याचं कर्ज दोघांच्या नावावर. पोलिसात तक्रार वगैरे काही नाही. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बैठक घेऊन स्टॅम्प पेपरवर फारकत लिहिली, चार साक्षीदार, नोटरीचा शिक्का. आता मुलाकडचे म्हणतात मोकळे झालो, त्याच्यासाठी दुसरी सोयरीक पाहणं सुरू आहे. हे कायद्यात बसतं का? नसेल तर कोर्टात किती वेळ जातो आणि फ्लॅटचं काय करायचं?

सीताबर्डी_किल्ला

बसत नाही. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो की सह्या याच माणसांनी केल्या. लग्न मोडण्याचा अधिकार नोटरीलाही नाही आणि बैठकीलाही नाही. दोघंही आजच्या तारखेला कायद्यानं नवरा-बायकोच आहेत.

बौद्ध पद्धतीचं लग्न म्हणजे हिंदू विवाह कायदा लागू नाही, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. 1955 च्या त्या कायद्याचं कलम 2 बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. कलम 29(2) मध्ये रूढीनं होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण त्या समाजात ती रूढी जुन्या काळापासून अखंड चालत आली हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. चार नातेवाईक बसले म्हणजे रूढी होत नाही.

घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंतिम आदेश, येण्याआधी त्यानं दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंतची शिक्षा. खरा फटका त्या दुसऱ्या मुलीला बसतो. तिला आजच कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं.

मार्ग हिंदू विवाह कायद्याचं कलम 13-ब, परस्पर संमतीनं घटस्फोट. एक वर्ष वेगळे राहण्याची अट तुमची पूर्ण झाली आहे. लग्न नागपुरात झालं म्हणून अर्ज नागपूरच्या कुटुंब न्यायालयात चालेल. लग्नाची नोंदणी नसली तरी अडत नाही, लग्नपत्रिका, लग्नातले फोटो आणि दोघांची आधार कार्डं जोडा. अर्ज दाखल झाला की विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. ते दोघांशी वेगवेगळं आणि एकत्र बोलतात, त्यांचा अहवाल कोर्टात जातो. त्यानंतर अर्जाच्या तारखेपासून 6 महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा जबाब द्यायचा.

हे 6 महिने माफ होतात का, हा पुढचा प्रश्न येईलच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे कोर्ट माफ करू शकतं, पण त्यातली पहिली कसोटी अशी की अर्ज करण्याआधीच वेगळं राहून दीड वर्ष झालेलं असावं. तुमचे 14 महिने झालेत. माफीसाठी चार महिने थांबण्यापेक्षा आज दाखल करा, 6 महिन्यांचं घड्याळ तरी सुरू होतं. तो पुण्याहून दर तारखेला येऊ शकत नसेल तर व्हिडिओवरून हजेरीसाठी अर्ज करता येतो, परवानगी देणं कोर्टाच्या हातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर तिनं सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

ऑरेंज_सिटी_88

फ्लॅटबद्दल सांगतो, कारण सगळं जुळून आलेलं इथेच फिसकटतं.

समझोत्यात "यापुढील हप्ते पत्नी भरेल" असं लिहितात आणि निवांत होतात. बँक त्या समझोत्यात पक्षकार नसते. तिनं तीन हप्ते चुकवले तर बँक त्याच्याही मागे लागते आणि सिबिल दोघांचाही बिघडतो. म्हणून आधी बँकेत जा. तिच्या एकटीच्या पगारावर उरलेलं कर्ज बसतं का, त्याचं नाव सहकर्जदार म्हणून काढतील का, हे लेखी घ्या. बसत नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून, उरलेलं वाटून घेणं हाच सरळ रस्ता. मन कितीही अडकलं असलं तरी.

बसत असेल तर त्याचा हिस्सा बक्षीसपत्रानं तिच्या नावावर करा, आणि ते हुकूमनाम्याच्या आधी नोंदवा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्यानं बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. वर स्थानिक अधिभार लागतो, तो दुय्यम निबंधकाकडे आधी काढून घ्या. घटस्फोट झाला की ती बायको राहत नाही, ही सवलत गेली, मग पूर्ण दरानं शुल्क. बक्षीसपत्रात "अर्धा अविभाज्य हिस्सा" असं स्पष्ट लिहा आणि मोबदल्याचा आकडा घालू नका. मोबदला आला की ते बक्षीस उरत नाही. फ्लॅट गहाण आहे, त्यामुळे बँकेची ना-हरकत आधी लागेल. नंतर इंडेक्स-2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, घेऊन सोसायटी आणि महानगरपालिकेत नाव बदला.

क्रम सांभाळा. दुसऱ्या जबाबापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. पहिल्याच तारखेला सगळे पैसे देऊन टाकले, किंवा घर नावावर करून दिलं, आणि समोरचा फिरला, तर हातात काही राहत नाही. बक्षीसपत्र दुसऱ्या तारखेच्या आठवड्यात, आणि पैशाचा डिमांड ड्राफ्ट त्याच दिवशी कोर्टासमोर.

सीताबर्डी_किल्ला

वरच्यात मुलीचं राहिलं. 5 वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे, हे 1956 च्या पालकत्व कायद्यात आहे. पण "ताबा आईकडे, वडिलांना भेटीचा हक्क" एवढ्या ओळीवर पुढे भांडणं होतात. असं लिहा: दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी 10 ते सायंकाळी 6, आणायचं कुणी, सोडायचं कुणी, दिवाळीच्या सुट्टीचा अर्धा भाग, रोज व्हिडिओ कॉल किती वाजता, पासपोर्टच्या अर्जावर सही करायला तो नकार देणार नाही. खर्चाची रक्कम दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत कोणत्या खात्यात, दरवर्षी किती टक्के वाढ, शाळेची फी वेगळी की त्यातच. आईनं स्वतःची पोटगी सोडली तरी मुलीचा हक्क तिला सोडता येत नाही. तसं कलम घातलं तर पुढे टिकत नाही.

धंतोली

लग्न न करता सोबत राहणाऱ्यांना यातलं काय लागू?

सीताबर्डी_किल्ला

घटस्फोटाचा भाग नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा "विवाहसदृश नात्याला" लागू आहे: संरक्षण, राहण्याचा आदेश, खर्च. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कसोट्या सांगितल्या. दोघं लग्नाच्या वयाचे, लग्न करायला कायद्यानं मोकळे, बराच काळ सोबत, आणि चारचौघांत जोडपं म्हणून वावरलेले. "मोकळे" या शब्दावर गाडी अडते. ज्याची फारकत फक्त स्टॅम्पवर आहे तो मोकळा नसतो, आणि हे माहीत असून त्याच्यासोबत राहिलेल्या बाईला 2013 च्या निकालानं या कायद्याचं संरक्षण नाकारलं. मुलाला मात्र खर्च मिळतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, आईवडिलांचं लग्न झालेलं असो वा नसो.

गोधनी_रोड

मग तो फारकतीचा कागद फाडून टाकायचा का?

ऑरेंज_सिटी_88

अजिबात नाही. घटस्फोट म्हणून तो शून्य, पण दोघं कोणत्या तारखेपासून वेगळे राहतात हे त्यावर दोघांच्या सहीनं लिहिलेलं असेल, तर 13-ब च्या अर्जाला तोच कामाचा पुरावा आहे. मूळ प्रत जपा, झेरॉक्स अर्जाला जोडा. आणि "आमचा घटस्फोट झाला आहे" हे वाक्य अर्जात कुठेही येऊ देऊ नका, "अमुक तारखेपासून विभक्त राहत आहोत" असं लिहा.