'विश्वातलं द्रव्य', 'पदार्थ' की 'वस्तुमान'?

प्रश्न : एका विज्ञानलेखाचं मुद्रितशोधन करतेय. एकाच परिच्छेदात 'विश्वाचे वजन', 'विश्वातील पदार्थ', 'विश्वाचे वस्तुमान' आणि 'विश्वातील द्रव्य' असे चार शब्द एकाच अर्थाने आलेत. पुढे 'विश्वातील ९५ टक्के द्रव्य अज्ञात आहे' असंही वाक्य आहे. लेखकाचं म्हणणं, चारही समानार्थी आहेत, आलटूनपालटून वापरले की वाचायला बरं. मला खटकतंय. कोणता शब्द ठेवू?

प्रतिसाद : 'वजन' आधी काढून टाका. वजन म्हणजे गुरुत्वाने एखाद्या वस्तूवर लावलेलं बल. अख्ख्या विश्वाला खेचायला बाहेर आहे कोण? बाकीच्या तिघांची कामं वेगळी आहेत. पाणी, लोखंड, हायड्रोजन हे पदार्थ. ते ज्याचे बनलेत ते द्रव्य. आणि ते किती आहे हे किलोग्रॅममध्ये सांगायचं तर वस्तुमान. 'द्रव्याचं वस्तुमान' म्हणता येतं, 'वस्तुमानाचं द्रव्य' म्हणून बघा, जीभच अडखळते. तुमच्या लेखात मुख्य शब्द 'द्रव्य' हवा, आणि आकडा येईल तिथे 'वस्तुमान'.

प्रतिसाद : 'द्रव्य' म्हटलं की निम्म्या वाचकांना द्रव्यलोभ आठवणार! आणि वैशेषिकांच्या, म्हणजे एका प्राचीन भारतीय दर्शनाच्या, नऊ द्रव्यांत तर आकाश, काल, दिक्, आत्मा आणि मनसुद्धा मोडतात. भौतिकशास्त्रातल्या द्रव्यात यांतलं एकही बसत नाही. तरी शब्द रुळलाय, राहू द्या. फक्त टंकताना 'द्रव' होणार नाही एवढं पाहा.

प्रतिसाद : शब्दांपेक्षा ते ९५ टक्क्यांचं वाक्य जास्त गंभीर आहे. ही चूक बातम्यांतही नेहमी दिसते. विश्वाच्या आरंभकाळच्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या २०१८च्या निष्कर्षांनुसार विश्वाच्या एकूण द्रव्य-ऊर्जेत सामान्य द्रव्य सुमारे ५ टक्के, कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं) सुमारे २७ टक्के आणि कृष्ण ऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी) सुमारे ६८ टक्के. यातली कृष्ण ऊर्जा द्रव्य नव्हेच. विश्व प्रसरण पावताना द्रव्य विरळ होत जातं, ही ऊर्जा मात्र आजवरच्या निरीक्षणांनुसार तशी विरळ होताना दिसत नाही. म्हणजे 'द्रव्य' हा शब्द धरायचा तर हिशेब उरलेल्या ३२ टक्क्यांतच करायला हवा. त्यात कृष्णद्रव्याचा वाटा साधारण ८४ टक्के येतो. लेखकाला ९५ हा आकडा सोडवत नसेल तर 'द्रव्य-ऊर्जा' लिहू दे. एका शब्दाची आणि एका संयोगचिन्हाची काटकसर केली की विज्ञान चुकतं.

प्रश्नकर्ती : हे फार उपयोगी पडलं. आणखी एक. 'शास्त्रज्ञांनी विश्वातील अणू मोजले असता ती संख्या १०चा ८० वा घात भरली' असं वाक्य आहे. 'मोजले' चालेल?

प्रतिसाद : अजिबात नाही. 'अंदाज' किंवा 'अनुमान' म्हणा. माझं मत 'अनुमान'कडे, कारण धूर पाहून अग्नी ओळखण्यातली रीत इथे आहे. ड्यूटेरियमचं (जड हायड्रोजनचं) प्रमाण आणि सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणातले (विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणातले) बारीक चढउतार यांवरून सामान्य द्रव्याची सरासरी घनता काढतात. ती येते साधारण चार घनमीटरांत एक प्रोटॉन इतकी. दृश्य विश्वाची, म्हणजे जिथून प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढ्या भागाची, त्रिज्या सुमारे ४६.५ अब्ज प्रकाशवर्षे, म्हणजे ४.४ गुणिले १०चा २६ वा घात मीटर. त्या गोलाचं घनफळ येतं ३.६ गुणिले १०चा ८० वा घात घनमीटर. त्याला चारने भागा, झाले तुमचे प्रोटॉन. हायड्रोजन बहुसंख्य असल्याने अणूही त्याच पट्टीत बसतात. पण हे सगळं फक्त दृश्य विश्वापुरतं. अख्खं विश्व केवढं आहे हेच ठाऊक नसताना 'विश्वातील एकूण' हे शब्द लिहू नयेत. कळते ती घनता, बेरीज आपण ठरवलेल्या गोलाची.

प्रतिसाद : 'दृश्य विश्व' हाही फसवा शब्द आहे. दृश्य विश्वातलं बहुतेक द्रव्य अदृश्य आहे, हे वाक्य बरोबर असूनही वाचक डोकं धरून बसेल. 'निरीक्षणक्षम विश्व' बोजड आहे खरं, पण गोंधळ टळतो.

आणि 'कृष्णद्रव्य' मला कधीच पटलं नाही. काळं ते प्रकाश शोषतं. हे द्रव्य शोषतही नाही, सोडतही नाही, प्रकाश त्यातून आरपार जातो. शिवाय वाचक त्याला कृष्णविवराचा भाऊ समजतात. 'अदृश्य द्रव्य' काय वाईट?

प्रतिसाद : वाईट असं की सामान्य द्रव्याचाही मोठा भाग सहज दिसत नाही. ताऱ्यांमध्ये त्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही. बरंचसं दीर्घिकांच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या तारकासमूहांच्या) मधल्या तापलेल्या, अतिविरळ वायूत आहे. त्याचा हिशेब कित्येक वर्षं जुळत नव्हता. २०२० मध्ये दूरच्या क्षणिक रेडिओ स्फोटांचे तरंग वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे किती रेंगाळले हे पाहून तो जुळवला गेला. त्यालाही 'अदृश्य' म्हणालात तर दोन्हींची सरमिसळ होईल. खगोलशास्त्रज्ञ झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा नावाच्या समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले, ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाने तो समूह एकत्र राहणं शक्य नव्हतं. तेव्हा त्यांनी वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थही 'अंधारं, काळं' असाच होता. 'कृष्ण' तिथून आलंय. आता रुळलेलं उपटू नका.

प्रतिसाद : पारदर्शकाला काळं म्हणणं रुळलं म्हणून बरोबर होत नाही. असो, मी 'अदृश्य'च लिहिणार.

प्रतिसाद : जाता जाता : १०च्या ८० व्या घाताला आपल्याकडे रुळलेलं नाव नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणितग्रंथातली संख्यानामांची यादी परार्धाशी, म्हणजे १०च्या १७ व्या घाताशी थांबते. चार परार्धांचा गुणाकार करून त्याला महापद्माने, म्हणजे १०च्या १२ व्या घाताने, गुणलं की बरोबर ८० शून्यं होतात. लेखात मात्र घातच छापा.