उलटी केबल लागली? आधी मेन फ्यूज पाहा
भाऊ, ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून कार चालू करताना प्लस-मायनस उलटं लागलं अन् आता डॅशबोर्डवर एकही लाइट येत नाही म्हणता, तर इसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असं कोणी सांगितलं म्हणून लगेच घाबरू नका. मागच्या कापसाच्या सीझनला दारव्ह्याकडं माझ्याच हातून हेच झालं, रात्री वावरात, मोबाईलच्या टॉर्चवर. बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर मोठा फ्यूज असते ना, त्याची पट्टी मधातून वितळून काळी पडली होती. मल्टिमीटरनं बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास आहे का पाहा, मग मायनस काढून फ्यूजची कंटिन्यूटी, म्हणजे करंट आरपार जातो का ते, तपासा, नुसत्या डोळ्यानं पाहून सोडू नका. नवीन टाकाल तो तितक्याच अँपिअरचा, तार गुंडाळून काम भागवू नका बाप्पा, पूर्ण वायरिंग जळते! गाडी चालू झाली की परत बॅटरीवर मोजा, 13.8 ते 14.5 व्होल्ट आलं तर चार्जिंग ठीक, 12 वरच अडकलं किंवा उभ्या गाडीची बॅटरी रात्रीतून उतरली तर अल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचे) डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग, आधी तपासून घ्या, उलट्या करंटनं बहुतेक तेच मरतात. अन् बॅटरी फुगली असंल तर तिला हात नका लावू, बदलाच.