नववी-दहावीची पोरं, सहाची एसटी आणि रिकामं पोट : अनुभव लिहा

सुरंगी
आज वस्तीच्या गाडीतून उतरणारी पेंगुळलेली पोरं पाहिली आणि जुना विषय परत वर आला. मुलांच्या ताणावर बोलताना कोकणात आधी पोट आणि झोप बघावी लागते. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच. नववीत ताट बंद, आणि भूक तर तेव्हाच वाढते. पाचला उठायचं, चहा-बटर खाऊन निघायचं, मग थेट मोठ्या सुट्टीत डबा. तिसऱ्या तासाला डोकं दुखतं आणि शेरा मिळतो ‘लक्ष नसते’. नेहमीची शाळा असो की प्रयोगशील, काय जमलं, काय फसलं ते लिहा.

आगरवाडी
नाचणीची आंबील. ५० मुलांना १ किलो पीठ, १० लिटर पाणी. पीठ आधी २ लिटर गार पाण्यात कालवायचं; थेट उकळत्यात टाकलं की गुठळ्या होतात. बाकीच्या पाण्याला उकळी आली की ओतायचं, १० मिनिटं ढवळत राहायचं, नाहीतर बुडाला लागते. मीठ, जिरं. ताक निवल्यावरच, गरमात फुटतं. प्रार्थनेच्या आधी वाटा, नंतर दिली तर पहिला तास जातो.

मालवणी_माणूस
पोरांका सकाळी उकड्या तांदळाची पेज दिल्यार दुपारपर्यंत पोटाक आधार ऱ्हवता.

आगरवाडी
खरंय दादा, पण शाळेत उकडा शिजायला फार वेळ लागतो, गॅसही जातो.

पाणंद
लोहाची निळी गोळी आठवड्याला एक. उपाशीपोटी दिली की मळमळतं, मग मुली खिडकीतून फेकतात. जेवल्यावर द्या, आणि नंतर तासभर चहा नको, लोह अंगी लागत नाही. शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, घाबरतात बिचाऱ्या.

समुद्रगंध
मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण संडासाला कडी नसते. मग लघवीला जळजळ. कडी, बादली-मग, झाकणाची कचरापेटी, दप्तर टांगायला खुंटी, एवढ्यात खूप फरक पडतो. पॅडचं कपाट सरांच्या खोलीत असेल तर कुणी मागायला जात नाही. पॅडचा डबा मुलींच्या संडासातच ठेवा, मोजायचं नाही, नोंदवही नाही.

पावसाळी
जुलैत ओल्या गणवेशात सहा तास बसतात, त्याचं काय? जांघेत, बोटांच्या बेचक्यात नायटा. लाजेने सांगत नाहीत, मेडिकलमधून मागून क्रीम आणतात. त्यात स्टिरॉइड असलं की चार दिवस खाज थांबते, मग दुप्पट पसरतं. शाळेत कपडे वाळवायला दोरी बांधा, दप्तरात पिशवीत सुका जोड ठेवायला सांगा.

सुरंगी
आणि बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे!

कातळसडा
प्रयोगशील शाळांकडून एक घ्यावं: आठवड्याचा एक दिवस हाताचं काम. पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात शेती-पशुपालन, ऊर्जा, अभियांत्रिकी, गृह-आरोग्य सगळं येतं. वर्गात तोंड न उघडणारं पोर कलमं बांधताना घरचं सगळं बोलून जातं. तेव्हा शेजारी बसून आपणही कलम बांधावं, प्रश्न विचारू नयेत. फसतं कुठे? परीक्षेची सवयच नसते, दहावीत एकदम तीन तासांचा पेपर समोर येतो. नववीपासून महिन्याला एक पूर्ण पेपर घ्याच.

पाणंद
शाळा सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायचा अर्ज. मुदत चुकली की वर्ष गेलं, शाळा सोडल्याचा दाखला आधीच काढून ठेवा. नाहीतर एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा : पाच विषय, पाच वर्षांत नऊ संधी. आणि दहावीत एकदोन विषय राहिले तर एटीकेटीने, म्हणजे ते विषय नंतर सोडवायच्या सवलतीने, अकरावी मिळते. हे निकालाच्या दिवशी नाही, फेब्रुवारीतच वर्गात सांगा. पोराला पुढचा रस्ता दिसला पाहिजे.

समुद्रगंध
फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ कायम लिहिलेला असू दे. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का, हे मुलाला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, पाळता येणार नाही. असं पोर एकटं घरी पाठवू नका.

मालवणी_माणूस
गाडीची वेळ बदलूक काय करूचा?

कातळसडा
आगार व्यवस्थापकांना मे महिन्यातच पत्र. पासधारक मुलांची गाववार संख्या, शाळेची वेळ, सोबत ग्रामपंचायतीचा ठराव. नुसत्या तोंडी विनंतीवर हलत नाही.

पावसाळी
आंबिलीत कालचं ताक चालेल ना?

आगरवाडी
कालचं चालेल. परवाचं नको, पोरांना आंबट लागतं.