रस्ता गावाचा, पाटी समितीची: आपापले अनुभव लिहावेत

तालुक्याच्या गावांभोवतीची शेते अकृषक होऊन ले-आउट पडले, घरे झाली, मागोमाग रहिवासी समित्या आल्या आणि त्यांतील काहींनी रस्त्यावरच ‘बाहेरील वाहने लावू नयेत’ अशा पाट्या ठोकल्या. समितीला हा अधिकार कोठून मिळतो, याचा ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आला असेल त्यांनी तो लिहावा. समितीत काम करणाऱ्यांनीही आपली बाजू अवश्य मांडावी.

हिंगणघाट तालुका, शेतकरी
जिनिंगवर पहाटे नंबर लावायचा म्हणून कापसाने भरलेली ट्रॉली मी रात्री मेव्हण्याच्या घरासमोर उभी केली होती. पहाटे पाहतो तर चाकाला साखळी आणि कुलूप. समितीचे अध्यक्ष पाचशे रुपये दंड मागत होते; त्यासाठी पावतीपुस्तकही छापून घेतलेले होते! मी पैसे दिले नाहीत, ग्रामपंचायत उघडण्याची वाट पाहिली. सचिवांनी मंजूर नकाशा काढला, तेव्हा तो रस्ता पंचायतीकडे हस्तांतरित झालेला निघाला. त्यांनी समितीला सांगितले की, ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 53 नुसार सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीचा आहे, आणि तसे पाहिले तर रस्त्याच्या तोंडाशी मांडलेले तुमचे ड्रम हाच अडथळा आहे. मी मनातून सुखावलो, तोच ते माझ्याकडे वळले: इतरांची अडचण होईल अशी ट्रॉली रस्त्यात सोडण्याचा हक्क तुम्हालाही नाही, मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 122 मध्ये तशी मनाई आहे. कुलूप निघाले, पण जिनिंगवरचा नंबर गेला तो गेलाच.

वणी, समितीचा माजी सचिव
आमच्याकडे मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही, म्हणून आम्हीही प्रथम दोरी बांधली होती. वकिलांनी समजावले की, समितीचे नियम सभासदांपुरते असतात, वाटसरूला ते बांधत नाहीत. वाहनतळाच्या जागा ठरवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 117 प्रमाणे शासनाचे किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेचे काम आहे. मग नगर परिषद आणि पोलीस ठाणे, दोन्हीकडे अर्ज दिले. पाटी लागायला दीड वर्ष गेले, मात्र तिच्यावरून आजवर कोणी वाद घातलेला नाही.

चिखली
आमचा रस्ता अद्याप हस्तांतरितच झालेला नाही. सातबारा ले-आउट पाडणाऱ्याच्याच नावावर आहे. त्यामुळे समिती म्हणते रस्ता खासगी, आणि नगर परिषद खड्डा बुजवत नाही. अशा ठिकाणी भांडण गाडीवरून होण्याआधी कागदावरून व्हायला हवे, असे मला वाटते.

आर्वीजवळचे गाव, निवृत्त शिक्षिका
पोळ्याच्या दिवशी बैलजोड्या दारी येतात, ओवाळणे होते, बोजारा, म्हणजे बैल आणणाऱ्याला द्यायची भेट, दिला जातो. गेल्या वर्षी समितीच्या साखळीमुळे जोड्या कोपऱ्यावरूनच परतल्या. मी ताट घेऊन त्या साखळीपर्यंत गेले आणि बैलांना तिथेच ओवाळले. यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी स्वतःच ती सोडून ठेवली होती.