फुटिंगचे क्यूब नापास: दोष क्यूबचा की पायाचा?

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ गावच्या घराचे काम काढले आहे. आर्किटेक्टने एम-२५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचे काँक्रीट) लिहिलेल्या नऊ फुटिंगचे (कॉलमखालच्या पायांचे), म्हणजे साधारण ९ घनमीटर काँक्रीट एकाच दिवशी झाले. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे एवढ्या मालाचे दोन नमुने हवे होते. ठेकेदाराने एकच, तीन क्यूबचा (ताकद तपासायला त्याच मालाचे भरलेले १५० मिमीचे ठोकळे), घेतला. २८ दिवसांनी ते ४१०, ४२५ आणि ४०० किलोन्यूटनला फुटले, म्हणजे सरासरी १८.३ न्यूटन प्रति चौ. मिमी.

आता गोंधळ असा की क्यूब भरतानाचा व्हिडिओ मी पाहिला, तर तीन थरांत प्रत्येकी ३५ ठोके देण्याऐवजी गड्याने साचा एकदम भरून थापीने वरून दोन ठोके दिले, आणि साच्यातून काढल्यावर ते क्यूब पाण्यात बुडवण्याऐवजी अकरा दिवस मांडवात कोरडेच ठेवले. फुटिंगवर मात्र ओले गोणपाट टाकून नऊ दिवस पाणी मारले होते, त्यामुळे पाया क्यूबपेक्षा बरा असण्याची शक्यता आहे. पण त्याच व्हिडिओत, माल ढिला व्हावा म्हणून मिक्सरमध्ये बादलीने जास्तीचे पाणी ओतलेलेही दिसते, आणि ते फुटिंगमध्येच गेले आहे.

ठेकेदार म्हणतो, पीपीसी (पोझोलाना मिसळलेले) सिमेंट आहे, ताकद सावकाश येते, ५६ दिवस थांबा. आणि त्याच दमात मिरगाआधी कॉलम उभे करायची घाई करतो! मला रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोका देऊन ताकदीचा अंदाज देणारे उपकरण) विसंबावेसे वाटत नाही, कारण त्याचा अंदाज २५ टक्क्यांपर्यंत चुकू शकतो आणि मातीत दबलेल्या ओलसर पृष्ठभागावर वाचन कमीच येते.

म्हणून कॉलम थांबवून तीन कोअर (पायातून ड्रिलने कापून काढलेले काँक्रीटचे गोल तुकडे) काढावेत असे मनात आहे. त्यांची सरासरी ताकद २१.२५ न्यूटन प्रति चौ. मिमीच्या आणि एकही कोअर १८.७५ च्या खाली नसावा, एवढे मला ठाऊक आहे. मात्र नऊपैकी कोणती तीन फुटिंग निवडावीत, आणि सळई न कापता ७५ मिमीचा कोअर काढण्यासाठी आधी रीबार लोकेटर (आतली सळई शोधणारे यंत्र) लावणे पुरेसे आहे का? मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात खासगी घरासाठी हे काम करून देतात का, की कोल्हापूरहून मशीन मागवावे लागेल? तसेच पाणी जास्त पडलेल्या अशा काँक्रीटमध्ये खारी हवा आणि खारा ओलावा सळईपर्यंत लवकर पोहोचेल, तर ताकद पास झाली तरी बाहेरून काही लेप द्यावा का, हेही जाणकारांनी सांगावे. कॉलमच्या सळया उभ्या आहेत, खड्डे अजून अर्धेच भरले आहेत.